पैलवानाची ओतणी

“नारळ फुटल्याबिगर भट्टी पेटवायची न्हाई,” दौलत सकाळपासून हेच घोकत होता, आणि नारळ फोडणारे दादासाहेब काही येत नव्हते.

“दौलत, कोळसा लाव,” केरकर सर खुर्चीतून म्हणाले. अंगात ताप, खांद्यावर घोंगडी, डोळे लालबुंद. “तांबं कुणाच्या नारळासाठी खोळंबत नाही. दादासाहेब आले की फोडतील.”

“सर, पेटवायच्या आधी उंबऱ्यावरच्या दगडावर फोडायचा आसतोय. मागनं फोडून काय उपेग?”

“देवाला कळतं आधीचं नि नंतरचं.”

दौलतनं माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. देवाधर्मात मी तेव्हाही फारशी नव्हते आणि आजही नाही. मला वाटलं, फुटेल तेव्हा फुटेल. आणि भट्टी पेटली.

दौलत माझा धाकटा भाऊ. आम्ही ओतारी. देवळांच्या घंटा, समया, देव्हाऱ्यातले बाळकृष्ण ओतणारं आमचं घर. नवरा गेल्यावर मी माहेरी परत आले आणि रिकाम्या हातांनी बसवेना म्हणून मेणाचं काम शिकले. त्या दिवशी मात्र खड्ड्यात बाळकृष्ण नव्हता, पैलवान होता. माणसाच्या दीडपट उंच, उजव्या हातानं गदा आभाळाकडं धरलेला. गावच्या तालमीचा जुना मल्ल होता तो, आणि तालमीसमोरच्या चौकात त्याचा पुतळा उभा करायचा म्हणून समिती झाली होती. पुतळा घडवला सरांनी, त्याच्या अंगावरचं मेण चढवलं मी, आणि ओतणार होता दौलत.

सर कलाशाळेत शिकवायचे. तरुणपणी इटलीला जाऊन आले होते आणि तिथल्या चौकातला एक पुतळा त्यांच्या मानगुटीवर बसला होता तो बसलाच. पाचशे वर्षांपूर्वीचा, ब्राँझचा, कापलेलं मुंडकं हातात उंच धरलेला तरुण. तो ओतताना म्हणे धातू गोठला, छप्पर पेटलं, शिल्पकार तापानं फणफणला, आणि शेवटी त्यानं घरातली ताटंवाट्या भट्टीत टाकून पुतळा तारला. सर ही गोष्ट इतक्यांदा सांगत, की दौलत एकदा आमच्या वडलांचं नाव घेऊन म्हणाला, “त्यो इटलीवाला आता आमच्या आण्णांचा मावसभाऊच वाटाय लागलाय.” आणि सरांना ताप भरला तेव्हा म्हणाला, “ताप सुदिक तिकडनंच मागवलासा व्हय?”

सगळ्यांनी सरांना सांगून पाहिलं होतं, की तुकडे ओता आणि मागनं जोडा, सगळीकडे तसंच करतात. सर म्हणायचे, “माणूस तुकड्यातुकड्यानं जन्माला येतो का? माझा पैलवान एकाच ओतणीत होईल.” दोन वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. बायको गेलेली, मुलगा दूर. त्यांना त्या पैलवानाखेरीज कुणी नव्हतं.

आणि मला दौलतखेरीज कुणी नव्हतं. आणि त्या ओतणीत सगळ्यात मोठा धोका त्यालाच होता. तो कसा, हे कळायला ओतणी कशी असते ते सांगायला हवं. मेणावर माती लिंपून भाजली, की मेण वितळून जातं आणि उरते ती पोकळ माती म्हणजे साचा. तो खड्ड्यात गळ्यापर्यंत पुरलेला असतो. वर दिसतं ते फक्त त्याचं तोंड, विटांनी बांधलेलं, आणि त्यावर झाकलेलं एक कौल. भट्टीपासून या तोंडापर्यंत मातीची पन्हळ. भट्टीचा मातीचा डट्टा पहारीनं फोडला, कौल बाजूला सारलं, की धातू पन्हळीतून धावत येतो आणि साच्यात उतरतो. डट्टा फोडणारा माणूस मग त्या तोंडावर ओणवा होऊन लोखंडी पट्टीनं धातूवर तरंगणारी मळी अडवत राहतो. हात-दीड हात अंतरावर त्याचं तोंड आणि साच्याचं तोंड. तो माणूस दौलत होता. घरी त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते.

दुपारी वीज गेली. भट्टीचा पंखा थांबला. दौलतनं माणसं हाताच्या भात्यावर घातली, पण तेवढ्यानं काय होतंय? धातूवर साय धरायला लागली, मग तो दह्यासारखा लागला. गडी आपापसात पुटपुटू लागले, नारळ फुटला न्हाई, आसंच हुनार.

सर घोंगडी टाकून उठले. “कासं आणा! काशात कथील असतं. धातू पातळ होईल. ताटं, वाट्या, मिळेल ते आणा!”

“झालं,” दौलत म्हणाला. “मावसभाऊ आला.”

पण तोही धावला. घर आमचं कारखान्याला लागूनच. मी आईची काशाची ताटं काढली, पाय चोळायच्या वाट्या काढल्या, शेजारणींकडून जमतील तेवढी आणली. प्रत्येक ताट पुसून, भट्टीच्या कडेवर खरपूस तापवून मगच आत द्यायचं, हे मी गड्यांना बजावलं होतं. ओतकामात पाण्याइतका वैरी दुसरा नाही. तरी रंगा नावाच्या गड्यानं घाईत एक ताट तसंच फेकलं. शेजारणीनं नुकतंच घासलेलं, काठाखाली दोन थेंब राहिलेलं.

धाड्‌ असा आवाज झाला. धातूचा एक लोळ सरळ वर उडाला आणि छपराच्या पत्र्याला भोक पाडून बाहेर गेला. खाली पडलेल्या शिंतोड्यांनी कोळशाची पोती पेटली. रंगा जमिनीवर लोळत होता, पण वाचला होता, नुसत्या भुवया गेल्या होत्या. आम्ही वाळू टाकून पोती विझवली. वरच्या वर पडलेल्या दोन थेंबांनी हे केलं होतं. तेच पाणी धातूच्या खाली, साच्यात कोंडलं तर काय होतं, ते सांगायची तिथं कुणाला गरज नव्हती.

ताटांनी मात्र काम केलं. वीज आली, पंखा फिरला, आणि धातू पुन्हा पाण्यासारखा हलायला लागला. सर रडत होते की हसत होते, कळत नव्हतं. “आता! दौलत, आता! पुन्हा गोठला तर माझ्याकडं काही उरलेलं नाही.”

दौलतनं तोंडाला जाड फडकं गुंडाळलं, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला, पहार उचलली. आणि नेमकी तेव्हा दाराशी जीप थांबली.

दादासाहेब समितीचे अध्यक्ष. स्वतः जुने पैलवान, पंजा असा की नारळ त्यात लिंबासारखा दिसायचा. मागे हारतुरे घेतलेली चार माणसं. “उशीर झाला, माफी असावी,” म्हणत ते तरातरा आत आले. कुणी उंबऱ्यावरच्या दगडाकडं बोट दाखवायच्या आत त्यांनी खड्ड्याशी जाऊन साच्याला हात जोडले, “बजरंगबली की जय” म्हटलं, आणि नारळ हाणला तो थेट साच्याच्या तोंडाच्या विटेवर.

एका फटक्यात दोन भकलं. माणसांनी टाळ्या वाजवल्या.

मी समोरच उभी होते. फटक्यानं कौल बोटभर सरकलं. नारळाचं पाणी विटेवरून ओघळलं आणि कौलाकडं गेलं. त्यापुढं मला दिसलं नाही, कारण दादासाहेब हार घालायला मध्ये आले.

मला भीती वाटली. मी सरांजवळ गेले आणि हळूच म्हणाले, “सर, पाणी आत गेलं आसंल.”

“नाही गेलं. मी पाहिलं. बाहेरच्या अंगाला गेलं.”

“तुम्ही हितनं कसं बघिटलं?”

“मंजुळाबाई,” सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका मऊ होता की मला जास्तच भीती वाटली, “थोडंसं असलं तरी वाफ होऊन जाईल. आता थांबलो तर भट्टीतच दगड होईल. मागं व्हा.”

एव्हाना दौलत भट्टीसमोर जाऊन उभा राहिला होता. आमच्याकडं पाठ. नारळ फोडताना तो डट्ट्याभोवतीची माती खरवडत होता, त्यानं काही पाहिलं नव्हतं. त्यानं हात वर केला. हात वर झाला की आमच्या कारखान्यात शब्द बंद. मग ओतणी पुरी होईपर्यंत कुणी कुणाला हाक मारायची नाही, खोकायचंसुद्धा नाही.

हा नियम आण्णांच्या पायामुळं आला होता. आम्ही लहान होतो तेव्हा ते घंटा ओतत होते, वितळलेल्या धातूची मूस चिमट्यात उचललेली होती, आणि आई जेवायला बोलवायला दारात आली. “अहो,” एवढंच म्हणाली. आण्णांनी मान वळवली. मूस कलली. पाय गुडघ्यापासून काढावा लागला. आण्णांनी आईला कधी एका शब्दानं दुखवलं नाही, पण गावानं ती कसर भरून काढली. आई लग्नाला गेली, पाणवठ्यावर गेली, बाजारात गेली, तरी बायका एकमेकींना सांगायच्या, हिनंच हाक मारली बघ. त्यानंतर मरेपर्यंत आई कधी मोठ्यानं बोलली नाही.

म्हणजे हाक मारली तर तो दचकून वळणार, आणि पहार चुकीच्या जागी बसली तर डट्टा त्याच्याच अंगावर फुटणार. नाही मारली तर तो साच्यावर ओणवा होणार. दौलतची पाठ माझ्यापुढं, मानेवर घाम. सर माझ्याकडं बघत होते आणि नकारार्थी मान हलवत होते.

मी हाक मारली नाही. लुगडं सावरलं, खड्ड्याच्या कडेनं गेले आणि साच्याच्या तोंडावर, त्या कौलावर, जाऊन बसले.

डट्टा फोडायच्या आधी पन्हळीवरून एकदा नजर फिरवायची, ही आमच्या घरातली सवय. काही पडलंय का, फट आहे का, बघायची. माझा सगळा भरवसा त्या एका नजरेवर होता. दौलतनं पहार उचलली. मागं नेली. त्यानं बघितलं नाही. पाय हलतील असं वाटेना, आणि मी बसून राहिले ती धैर्यानं नाही, हातापायांतलं बळच गेलं होतं म्हणून. अंगाखालचं कौल गार होतं. पन्हळ माझ्या मांडीला टेकलेली होती.

मग त्यानं पहार तशीच हवेत धरून मान वळवली.

काळ्या चष्म्यामागचे डोळे दिसत नव्हते. त्यानं डाव्या हातानं खूण केली, ऊठ. मी नकारार्थी मान हलवली. त्यानं पुन्हा खूण केली. मी पुन्हा मान हलवली.

“ऊठ तिथून!” सरच ओरडले.

दौलतनं पहार खाली टेकवली आणि तोंडावरचं फडकं ओढलं. “आक्का, खुळी झालीस काय?”

“नारळाचं पाणी आत गेलंय, दौलत.”

“माझ्या नारळाचं?” दादासाहेब पुढं झाले. “ओ बाई, देवाच्या नारळानं कधी वाईट हुईल व्हय?”

“वाईट देव करत न्हाई, दादासाहेब. पाणी करतंय.”

सर धडपडत खड्ड्यापाशी आले. त्यांनी माझा दंड धरला, हात कढईसारखा तापलेला. “आत गेलेलं नाही! दौलत, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. बोळा घालून बघा हवं तर.”

“बोळा कुठं पोचायचा, सर? आतली वाट दोनदा वळलीया,” दौलत म्हणाला. तो खाली बसला, विटेवरची ओल त्यानं बोटानं पुसून बघितली. “आन् आता वाळवायची म्हटली तर दोन-तीन रोज भाजत ठेवाय लागंल.”

“दोन-तीन दिवस!” सर म्हणाले. मग त्यांनी जे केलं ते आजही डोळ्यांसमोर आलं की मी दुसरीकडं बघते. ते तसेच तापात वाकले आणि त्यांनी माझ्या पायांना हात लावला. “मंजुळाबाई, मला पुन्हा हे जमणार नाही. माझ्यात तेवढं उरलेलं नाही. पाया पडतो तुमच्या. उठा.”

माझ्या बापाच्या वयाचा माणूस. मी त्यांचे हात धरले, पण उठले नाही.

दौलत माझ्याजवळ आला. “आक्का, खरं सांग. आत जाताना बघिटलंस?”

खोटं बोलले असते तर सगळं सोपं झालं असतं. पण दौलतशी मी कधी खोटं बोललेले नाही. “कवलाकडं जाताना बघिटलं. म्होरचं न्हाई दिसलं.”

“मग?”

“मग काय? मला भ्या वाटतंय, दौलत. तू त्येच्यावर ओणवा हुनार म्हून भ्या वाटतंय.”

भट्टीचा पंखा घोंघावत होता. सगळे दौलतकडं बघत होते. तो गावातला सगळ्यात नावाजलेला ओतारी होता, आणि एवढा मोठा पुतळा आमच्या घराण्यात कुणी ओतला नव्हता. हे काम झालं असतं तर त्याचं नाव सगळीकडे झालं असतं, हे मला माहीत होतं, त्यालाही.

त्यानं पहार जमिनीवर टाकली.

“आक्काला भ्या वाटतंय,” तो सगळ्यांना म्हणाला. “मी डट्टा फोडत न्हाई.”

रंगा पहारीकडं वळला, तर दौलतनं तिच्यावर पाय दिला. दादासाहेब काहीबाही बोलत होते. सर भट्टीसमोर जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत तिथंच होते. धातूवर साय आली, मग ती जाड झाली, मग पंखा बंद करायला कुणी सांगायची गरज राहिली नाही. सरांचा पैलवान भट्टीच्या पोटात एका गोळ्याच्या रूपानं गोठला. त्यात आईची ताटंही होती.

गावाला काय, संध्याकाळी चहाबरोबर खायला विषय मिळाला. ओताऱ्याच्या पोरीनं ओतणी मोडली. बाईमाणूस खड्ड्यावर बसली. हिच्या घरात हे आधीपासनंच हाय. दौलतच्या बायकोनं मला हे सांगितलं नाही, पण पाणी आणून आली तेव्हा तिचा चेहरा रडवेला होता.

दुसऱ्या दिवशी साचा उकरायचा होता. सर आणि दादासाहेब समितीला घेऊन येणार होते, आत काय निघतंय ते बघायला. दौलत उजाडताच निघाला. मी मागोमाग गेले. तो नको म्हणाला नाही.

त्यानं कौल काढलं. विटा एकेक करून काढल्या. नारळाचं पाणी वाळून त्याचा चिकट पांढुरका डाग पडला होता. तो डाग विटेच्या बाहेरच्या अंगानं खाली उतरला होता आणि वाळूत जिरला होता. दौलतनं छिन्नी लावून साच्याची वाट फोडली, पहिलं वळण, मग दुसरं. मातीचा एक तुकडा निघाला तो त्यानं माझ्या हातावर ठेवला. चांगल्या विटेसारखा भाजलेला, लालभडक. मी नखानं वाजवला तर खणखणला.

कोरडा. अगदी कोरडा. एक थेंब आत गेला नव्हता.

मी खाली बसले. मला वाटलं होतं, कोरडा निघाला तर निदान सुटल्यासारखं वाटेल. दौलत जिवंत आहे, एवढंच वाटेल. पण मला सरांचे हात दिसत होते, माझ्या पायांवरचे. आणि बाहेर जमणारं गाव दिसत होतं. “दौलत, कोरडा हाय रं,” मी म्हणाले. “डट्टा फोडला आसतास तर झाला आसता पैलवान.”

त्यानं घण उचलला आणि साचा फोडायला सुरुवात केली. छाती, मांड्या, गदा धरलेला हात. मी मेणावर जिथं जिथं बोटं फिरवली होती त्या सगळ्याचे ठसे त्या मातीत होते. तो एकेक ठसा फोडत होता. मला वाटलं, रागानं फोडतोय, आणि त्याला राग यायलाच हवा होता. मोठं ढेकूळ एकही ठेवलं नाही. मग तो टाकीवर गेला, बादली भरून आणली आणि त्या सगळ्या मातीवर ओतली.

“काय करालास?”

त्यानं दुसरी बादली आणली. ती ओतली. मग खड्ड्यातली कच्ची माती त्यात ओढून फावड्यानं सगळी खालवर केली, हातानं चिखल कालवतात तशी. तिसऱ्या बादलीनंतर त्यानं बादली टाकीवर नेऊन ठेवली, हात धुतले, आणि खड्ड्याशी येऊन उभा राहिला. तेव्हा कुठं मला समजलं. मी उठले, तर दाराशी जीप थांबल्याचा आवाज आला.

दादासाहेब आत आले ते जरा दबकतच, त्यांच्याबरोबर सर. रात्रभर त्यांनाही झोप नसावी. “काय निघालं? नारळाचं पाणी…?”

“न्हाई दादासाहेब,” दौलत म्हणाला. “नारळाचं पाणी बाहीरच गेलंय, डाग बघा. साचाच ओला हुता. भाजणी कच्ची ऱ्हायली. चूक माझी हाय.”

दादासाहेबांच्या जिवात जीव आला आणि मग त्यांना राग आला. त्यांनी चिखलाचा गोळा उचलून मुठीत दाबला. बोटांतून पाणी गळालं. “ह्यात तू धातू सोडणार हुतास? माणसं उडाली आसती की रं! कसला ओतारी म्हणायचा तू?” त्यांच्या मागची चार माणसं गाव गाठायला उतावीळ झाली होती. दौलत मान खाली घालून ऐकत होता.

त्यानंतर दौलतला कुणी पुतळ्याचं काम दिलं नाही. तो घंटा ओततो, समया ओततो. पैलवान सरांनी दुसरीकडून तुकड्यातुकड्यानं ओतून घेतला. तो आज चौकात आहे, त्याला बघायला लोक लांबून येतात. दादासाहेब गेले, सरही गेले, म्हणून आता मी हे बोलते आहे.

त्या सकाळी मी बोलणार होते. मी तोंड उघडलंसुद्धा होतं. पण दौलतनं माझ्याकडं बघितलं, आणि तेवढ्यात सर पुढं आले. त्यांनी तो ओला चिखल हातात घेऊन बराच वेळ बघितला. एका रात्रीत ते फार म्हातारे झाले होते. मग ते माझ्याकडं वळले.

“मंजुळाबाई,” ते म्हणाले, “मी याला मारलं असतं. तुम्ही बसलात म्हणून हा वाचला.”

आणि चिखलानं भरलेले हात जोडून त्यांनी मला वाकून नमस्कार केला. सगळ्यांच्या देखत, दौलत शेजारी उभा असताना, मी तो घेतला.